उतईच्या वाटेवरचे कका

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक उतईच्या पलीकडच्या एका खेड्यातून ये-जा करत काढली. मिलमधलं काम मला ज्यांनी शिकवलं त्यांच्या सह्या माझ्या सेवापुस्तकात आहेत. खेड्यात राहून कामावर कसं जायचं हे ज्यांनी शिकवलं त्यांची सही कुठेच नाही. सारं गाव त्यांना कका म्हणायचं, मीही म्हणू लागलो, आणि इथेही तेवढंच म्हणतो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. नागपूरला डिप्लोमा केला आणि भिलाईला लागलो. आमच्या भागातल्या माणसाला भिलाई परमुलूख वाटत नसे. गोंदियाला गाडीत बसलं की डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्ग येतं. 1956 पर्यंत तर आमची आणि दुर्गवाल्यांची राजधानी एकच होती, नागपूर. रायपूर-बिलासपूरकडे भोसल्यांच्या काळापासून राहिलेली मराठी घरं आहेत, आणि कारखान्यामुळे विदर्भातून आलेली आमच्यासारखी नवी घरं कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरासेक्टरांत होती.

सेक्टरमधलं क्वार्टर मिळालं तेव्हा जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं होतं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, जवळ शाळा, अडीअडचणीला सेक्टर 9 चं मोठं हॉस्पिटल. मग वडील गेले आणि आई आमच्याकडे आली. तिचं आयुष्य धानाच्या बांधीत आणि गोठ्यात गेलेलं. क्वार्टरमध्ये ती दिवसभर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या एखाद्या गाईला पोळी घालायला लांबवर चालत जायची. तक्रार तिनं कधी केली नाही. पण ती वाळत चाललेली आम्हा दोघांना दिसत होती. शेवटी उतईच्या पुढे खपरेलचं एक घर मिळालं, मागे गोठा, थोडी जमीन. आम्ही क्वार्टर सोडलं.

सोबतचे म्हणाले, लोक गाव सोडून सेक्टरात यायला धडपडतात आणि तू उलटा निघालास. मला मात्र हिशेब सोपा वाटत होता. आईला गाय मिळेल, मुलांना मोकळी हवा मिळेल आणि माझ्याकडे स्कूटर आहे. गाव म्हणजे कारखान्यापासूनचं अंतर आणि अंतर म्हणजे पेट्रोल, यापलीकडे मला काही कळत नव्हतं.

खेड्यातून कामावर जाणं ही भिलाईत काही नवी गोष्ट नव्हती. रशियाशी करार झाला 1955 साली आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 ला केलं. त्या चार वर्षांत माती उकरायला, गिट्टी वाहायला आजूबाजूच्या गावांतली माणसं रोजंदारीवर यायची. कका त्यातले. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, म्हणायचे. पुष्कळ जण यायला घाबरायचे. भट्टीला माणसाचा बळी लागतो अशी बोलवा होती, आणि आया पोरांना एकटं बाहेर सोडत नसत. जोनाथन पॅरी नावाच्या इंग्रज अभ्यासकानं भिलाईच्या परिसरात अनेक वर्षं काम करून इथल्या कामगारांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो 2020 साली आला. बळीच्या या अफवांबद्दल त्यांनीही लिहिलं आहे हे मला फार पुढे कळलं. मी त्या आधी ककांच्या तोंडूनच ऐकल्या होत्या. तुम्ही कसे गेलात, असं मी विचारलं तर म्हणाले, घरी खाणारी तोंडं जास्त आणि जमीन भाटा. भाटा म्हणजे तांबडी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. मी घेतलेला तुकडाही भाटाच होता, आणि ते मला विकत घेईपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे ककांना कोक ओव्हनमध्ये कायमची नोकरी लागली. तिथे कोळसा हवा लागू न देता तासन्‌तास भाजून त्याचा कोक करतात. कका ओव्हनच्या माथ्यावर काम करायचे. पायाखालची जमीन इतकी तापलेली असते की तिथे लाकडी तळव्याची पायताणं घालावी लागतात. रशियन तज्ज्ञांबरोबर काम केलेलं, त्यामुळे एखादी गोष्ट मनासारखी झाली की ते ‘खराशो’ म्हणायचे. त्यांच्या नातवंडांनाही तो शब्द छत्तीसगढीतलाच वाटायचा. इतकी वर्षं नोकरी करून त्यांनी गाव सोडलं नाही. क्वार्टरसाठी अर्जही केला नव्हता.

गावातून वीस-पंचवीस माणसं कारखान्यात जायची. कोणी कायम, बरेच ठेकेदाराकडचे. सगळे सायकलवर. फर्स्ट शिफ्ट सहाला लागते, त्यासाठी ही माणसं साडेचारलाच निघायची. मला त्याचं आश्चर्य वाटायचं. मी पाच वाजून गेल्यावर निघायचो आणि रस्त्यात त्यांना मागे टाकून जायचो. कधी मरोद्याजवळचं फाटक लागलेलं असायचं. दल्ली-राजहराहून लोहखनिजाची लांबलचक मालगाडी सावकाश पुढे सरकायची, कधी सिग्नलला उभीच राहायची. मग मला उशीर व्हायचा. थोडा उशीर, पाच-दहा मिनिटं. त्याबद्दल मला कोणी काही बोलत नसे, म्हणून मलाही त्याचं काही वाटत नसे.

एकदा बोरिया गेटबाहेर ककांनी मला हात करून थांबवलं. त्यांनी नाईट केली होती आणि घरी जायचं सोडून ते तिथे उभे होते. म्हणाले, “तोर जगा म जेन खडे हे, वोहू ला घर जाना हे.” तुझ्या जागी जो उभा आहे त्यालाही घरी जायचं आहे. आवाजात राग नव्हता. रात्रपाळीला माझ्या मशिनवर जो माणूस होता तो पलीकडच्या गावचा, धमधा रोडचा. मी येईपर्यंत त्याला जागा सोडता येत नाही. माझी दहा मिनिटं त्याच्या सोबतच्या सायकली निघून जाण्याइतकी होती, आणि मग ऊन चढेपर्यंत तो एकटा सायकल मारत जायचा. हे ककांना कसं कळलं? चहाच्या टपरीवर. त्यांच्याशी तो माणूस कधीमधी बोलायचा. मला तो एका शब्दानं बोलला नव्हता.

रिलिव्हर हा शब्द मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वापरत होतो. माझा रिलिव्हर आला नाही तर मला डबल ड्यूटी पडते, एवढ्यापुरताच. मी स्वतः कोणाचा तरी रिलिव्हर आहे हा विचार माझ्या डोक्यात त्या सकाळी पहिल्यांदा आला. दुसऱ्या दिवसापासून मीही साडेचारला निघू लागलो. फाटक उघडं मिळालं तर गेटबाहेर चहा पिऊन बसायचं, आणि ज्याला सोडवायचं आहे त्याला दहा मिनिटं आधीच सोडवायचं. नोकरीत मला पुढे जे काही मानानं वागवलं गेलं त्याचं मूळ त्या सकाळच्या त्या एका वाक्यात आहे, असं मी आजही मानतो.

सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटायची. गावची माणसं टपरीपाशी जमायची आणि सगळे आल्याखेरीज कोणी निघत नसे. कोणी आत अडकला तर अकरा वाजायचे, पण थांबायचे. निघताना ज्याचे पाय सगळ्यांत हळू तो पुढे, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याचा. त्याच्या मागे खड्डे माहीत असलेले जुने, आणि शेवटी तरुण पोरं. ही रीत कोणी ठरवली होती कोण जाणे. नेवईच्या पुढे दिवे संपले की पूर्ण अंधार, आणि सायकलींचे डायनॅमो कितीसा उजेड देणार.

मी थांबत नसे. दहा वाजले की स्कूटर काढून निघायचो आणि बाकीचे पोचेपर्यंत माझी एक झोप होऊन जायची. एका पावसाळ्यात ककांनीच विचारलं, तुझ्या गाडीचा दिवा सगळ्यांच्या मागून आला तर? मागून उजेड पडला की पुढचा सगळा रस्ता दिसतो. मला लाज वाटली, कारण हे मला स्वतःहून सुचायला हवं होतं. त्या रात्रीपासून मी रांगेच्या शेवटी राहू लागलो. जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनच्या फेऱ्यांवर चालायचा. सायकलीच्या वेगानं हळू गेलं की तो मिणमिणा व्हायचा. मग पहिल्या गिअरमध्ये जरा रेस ठेवून चालवायची कला जमवावी लागली. इंजिन तापायचं, पेट्रोलही जास्त जायचं. पण पुढे वीसेक पाठी, त्यांच्या हँडलला अडकवलेले डबे, मडगार्डवरचा चिखल आणि मधूनच कोणी तरी पंडवानीची ओळ धरलेली, हे सगळं त्या उजेडात दिसायचं. गावात राहायला येऊन वर्ष होऊन गेलं होतं. गावात आलो असं मला वाटलं ते मात्र त्या रांगेत.

पंडवानी म्हणजे महाभारताच्या कथांचं इथलं गायन. तिचा विषय निघाला म्हणून सांगतो. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई आमच्याच कारखान्याच्या नोकरीत होत्या याचा ककांना फार अभिमान. पंथी नाचाचे देवदास बंजारेही तसेच. जगभर नाव झालेली ही माणसं खेड्यांतून आलेली आणि कारखान्याच्या हजेरीवर असलेली, हे ते पुन्हापुन्हा सांगायचे. खेडं सोडल्याशिवाय माणूस मोठा होत नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांचं हेच उत्तर होतं.

त्याच वाटेवर एक रपटा होता. नाल्यावरून बांधलेला बुटका फरशीपूल, जोराचा पाऊस झाला की त्याच्यावरून पाणी जायचं. कडेला दगडी खुंट होते. कका थांबायचे आणि त्या खुंटांकडे बघायचे. पाणी किती वर आहे यापेक्षा ते खुंटाला वळसा घालून जातंय की खुंटावर आपटून उसळतंय हे ते बघत. उसळत असेल तर कोणी पाय घालायचा नाही, घर समोर दिसत असलं तरी. अशा रात्री आम्ही अलीकडच्या गावातल्या शाळेच्या पडवीत काढल्या आहेत. घरचे काळजी करत नसत, कारण सगळे एकत्र आहेत हे त्यांना ठाऊक असायचं.

मला नाईट असली की सुरुवातीला बायको जागी राहायची. नवं गाव, दोन लहान मुलं, आई म्हातारी. हे ती मलाही बोलली नव्हती, ककांच्या बायकोला, काकींना, मात्र न सांगता कळलं. एका रात्री काकी गोधडी घेऊन आल्या आणि आमच्या परछीत झोपल्या. मग माझ्या प्रत्येक नाईटच्या आठवड्यात त्या किंवा त्यांची सून यायची. कोणी बोलावलं नाही, कोणी आभार मानले नाहीत. पुढे काकींनी जाहीर करून टाकलं की ही आमची बेटी. छत्तीसगढच्या गावात नातं ठरल्याशिवाय माणूस कोणाला काय म्हणून हाक मारणार? बायको बेटी झाली, मी दमाद झालो, आणि ककांचे मुलगे माझ्या मुलांचे मामा झाले.

याचा अर्थ मला पोळ्याच्या दिवशी कळला. ककांचा थोरला मुलगा आमच्याकडे आला आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या पायाला हात लावून नमस्कार केला. मी घाईघाईनं त्याला उठवायला गेलो तर आईनं मला थांबवलं. तिला काकींनी आधीच सांगून ठेवलं होतं. कौसल्या छत्तीसगढची लेक, म्हणून राम सगळ्या छत्तीसगढचा भाचा. तेव्हा इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. वयाचा तिथे प्रश्न नाही. तो मुलगा माझ्याहून थोराड, वेल्डिंगच्या डागांनी भरलेल्या हातांचा. त्या हातांनी माझ्या पोराच्या चिखलाच्या पावलांना स्पर्श केलेला मी पाहिला आणि मला काय बोलावं सुचेना.

पोळ्यानंतर तीजा येते, आपली हरतालिका. त्या सणाला लेकी माहेरी जातात आणि भाऊ त्यांना न्यायला येतो. माझ्या बायकोचं माहेर दूर, शिवाय माझ्या शिफ्टांमुळे तिचं जाणं व्हायचं नाही. ककांचा मुलगा तिला न्यायला यायचा. दोन गल्ल्या पलीकडे! सायकलच्या कॅरिअरला तिची पिशवी बांधून तो पुढे, ती मागे. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, मग उपास, आणि परतताना नवं लुगडं. कधी हातमागाचं, कधी साधंच, पण चुकलं एकही वर्ष नाही.

आईचं आणि काकींचं वेगळंच जमलं. दोघी धानवाल्या, पण रीत निराळी. आमच्याकडे पऱ्हे टाकून रोवणी करतात. इथे तेव्हा बहुतेक लोक धान फेकून पेरायचे आणि महिनाभरानं बांधीत पाणी साठलं की उभ्या पिकातून हलका नांगर चालवायचे. याला बियासी म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई बांधावरून ओरडलीच, अहो, उभ्या पिकात नांगर घालताय! काकींनी तिचा हात धरून तिला चिखलात उतरवलं आणि दाखवलं. नांगरानं तण उपटून गाडलं जातं, माती मोकळी होते, दाट रोपं विरळ होतात; मग जिथे रिकामं पडलं तिथे उखडलेली रोपं पुन्हा खोचायची. आठवड्यानं तेच पीक डौलात उभं होतं. आईनं त्या वर्षापासून आमच्या तुकड्यात काकींच्या सल्ल्यानं शेती केली. भाट्यावर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ आणून टाकायचा हेही ककांनीच सुचवलं, बैलगाडी त्यांची. त्या अंगणात आई पुन्हा हिंडूफिरू लागली. वाळत चाललेल्या माझ्या आईला त्या घरानं आणखी बरीच वर्षं दिली, ती मी मिळवून दिलेली नाहीत.

बियासीसाठी बांधीत पाणी हवं, आणि ते पाणी शिफ्ट बघून येत नाही. आलं की दोन-तीन दिवसांत काम उरकावं लागतं. तेव्हा गावचे कामगार आपसांत पाळ्या बदलून घ्यायचे. मी शेतकऱ्याचा मुलगा असून आधी मिलमध्ये बसून म्हणायचो की ही माणसं पावसाळ्यात आणि कापणीला कामावर मन लावत नाहीत. ककांच्या शेजारी राहिल्यावर दिसलं की ती दोन्ही ठिकाणी मन लावत होती. ज्यांना दोन ठिकाणी पोचायचं असतं त्यांना वेळेची जी किंमत असते ती मला नव्हती. त्या आठवड्यांत मी सलग नाईट घेऊ लागलो. आमच्या तुकड्याचं काम थोडं, दिवस मोकळाच असायचा.

1991 च्या 28 सप्टेंबरला भिलाईत ठेका कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत हत्या झाली आणि पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनवर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या दिवसांत आमच्या रांगेतले ठेक्याचे पोरगे फार गप्प असायचे. कायम नोकरीवाल्यांनी त्यांच्या प्रश्नात पडायचं की नाही यावर मिलमध्ये वाद व्हायचे. ककांनी वाद घातला नाही. टपरीवर ते आधी त्या पोरांशेजारी जाऊन बसायचे आणि मग चहा मागायचे, एवढंच. आमच्यातला कोण कुठे बसतो हे तेव्हा सगळे बघत होते, म्हणून मलाही ते दिसलं.

कका निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांची छाती भरून येऊ लागली. सेक्टर 9 ला न्यावं लागायचं. मी पहिल्या शिफ्टला जाताना त्यांना मागे बसवून न्यायचो आणि दोनला परत आणायचो. रस्त्यात ते बोलत नसत. मरोद्याचं फाटक आलं की मात्र मान वळवून बघायचे, गाडी येतेय का. शेवटचं दुखणं थोडकं होतं. दशगात्राला, म्हणजे दहाव्याला, त्यांच्या मुलांनी भाच्याचं दान म्हणून कांशाची थाळी आणि लोटा माझ्या मुलाच्या हातात ठेवला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, सुट्टी काढून आला होता. रक्ताच्या भाच्यांच्या बरोबरीनं त्याला बसवलं होतं.

आता मीही निवृत्त आहे. रस्ता रुंद झाला, रपट्याच्या जागी उंच पूल आला, रिसालीची स्वतंत्र महानगरपालिका झाली आणि सेक्टर व गाव यांच्यामधला अंधार राहिला नाही. सायकली जाऊन मोटरसायकली आल्या. पण कायम नोकऱ्या आटल्या. ककांचा नातू कारखान्यातच जातो, ठेकेदाराकडे. आजोबांसारखाच कुशल, बहुधा त्यांच्याहून जास्त शिकलेला, आणि तरी त्यांना मिळालेली पेन्शन, औषधपाणी, वर्षाच्या रजा यांतलं त्याच्याकडे फारसं काही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ज्या पिढीनं हे होऊ दिलं तिच्यात मीही होतो.

महिन्याच्या सुरुवातीला तो मोबाइलवर आपली पगाराची चिठ्ठी आणि हजेरीचा कागद घेऊन येतो. किती पाळ्या भरल्या, किती लावल्या, पीएफ कापला तो खात्यात पडला का, हे आम्ही दोघं बसून पडताळतो. कुठे कमी आढळलं की अर्ज मी लिहून देतो. बायको त्याला आधी जेवायला वाढते. तो तिला फुफू म्हणतो, म्हणजे आत्या. मग तो सेकंड शिफ्टला निघतो, आणि जाताना शेजारच्या गल्लीतल्या दोन पोरांना हाक मारून सोबत घेतो.